हार्टफर्डची हिरवी टोपी आणि आमची तालीम

गेल्या महिन्यात आमच्या तालमीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या एका जुन्या वर्गमित्राने भलामोठा मजकूर टाकला. कोल्हापूरच्या फुटबॉलचे वाटोळे तालमींनी केले, असा त्याचा सूर होता. पेठापेठांची खुन्नस, सामन्यानंतरच्या हाणामाऱ्या, शाहू स्टेडियमवर लावावा लागणारा पोलीस बंदोबस्त हे सगळे थांबवायचे असेल, तर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस, बालगोपाल ही तालमींच्या संघांची नावे आता पुसून टाकावीत, परदेशात असतो तसा शहराच्या नावाचा एकच व्यावसायिक संघ काढावा, त्याला एक मालक असावा आणि लोकांनी तिकीट काढून, बायकामुलांना घेऊन, शांतपणे सामना बघावा, असे त्याने लिहिले होते. क्रिकेटच्या महाराष्ट्र प्रीमिअर लीगमध्ये २०२३पासून कोल्हापूर टस्कर्स आहे, मग फुटबॉलला काय हरकत आहे, हा त्याचा सवाल होता. शेवटचे वाक्य आमच्यासारख्यांसाठी होते: कट्ट्यावर बसून जुन्या संघांच्या आठवणी उगाळल्याने शहर पुढे जात नाही. त्याखाली अंगठ्यांची रांग लागली होती.

मी तो मजकूर पहाटे ड्राइव्हवेवरचे बर्फ काढून आत आल्यावर वाचला आणि दिवसभर मला दुसरे काही सुचले नाही. ‘परदेशात असतो तसा’ हे शब्द मला लागले. गेली २२ वर्षे मी त्याच परदेशात, अमेरिकेत, कनेक्टिकट नदीच्या पूर्वेला ग्लॅस्टनबरी गावात राहतो आणि नदीपलीकडे हार्टफर्डला विमा कंपन्यांच्या कामासाठी जातो. शहराच्या नावाचा, एका मालकाचा व्यावसायिक संघ म्हणजे काय असते आणि तो निघून गेल्यावर मागे काय राहते, हे मला ग्रुपवरच्या कोणाहीपेक्षा जवळून पाहायला मिळाले आहे. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आमच्या शेजारी ७६ वर्षांचे एक गृहस्थ राहतात. आयुष्यभर त्यांनी विम्याच्या दाव्यांचे कागद तपासले. थंडी सुरू झाली की त्यांच्या डोक्यावर एक हिरवी लोकरीची टोपी येते. तिच्या कडेला कसरीने खाल्लेले भोक आहे आणि त्यांच्या दिवंगत पत्नीने ते थोड्या गडद हिरव्या लोकरीने रफू केलेले आहे, त्यामुळे ती जागा लांबूनही दिसते. टोपीवर पुढच्या बाजूला एक चिन्ह आहे. खाली इंग्रजी डब्ल्यू, वर देवमाशाची शेपटी आणि त्या दोहोंच्या मधल्या मोकळ्या जागेत, नीट पाहिले तरच दिसणारे एच. हे चिन्ह पीटर गुड यांनी १९७९ साली काढले. ते हार्टफर्ड व्हेलर्स या आइस हॉकी संघाचे आहे आणि हा संघ १९९७ साली हार्टफर्ड सोडून गेला. मी इथे आलो २००३ साली. म्हणजे या संघाचा एकही सामना मी पाहिलेला नाही. तरी त्या संघाच्या इतक्या गोष्टी मी ऐकल्या आहेत की काही आठवणी माझ्याच असाव्यात असे वाटू लागले आहे.

हा संघ १९७२ साली बोस्टनमध्ये न्यू इंग्लंड व्हेलर्स या नावाने सुरू झाला. तेव्हा वर्ल्ड हॉकी असोसिएशन ही नवी स्पर्धा निघाली होती आणि तिचे पहिलेच विजेतेपद, १९७३चे, या संघाने मिळवले. बोस्टनमध्ये ब्रुइन्स या जुन्या हॉकी संघाच्या सावलीत त्यांना जागा मिळेना, म्हणून जानेवारी १९७५मध्ये ते हार्टफर्डच्या नव्या कोऱ्या सिव्हिक सेंटरमध्ये आले. विम्याच्या कचेऱ्या आणि संध्याकाळी पाचनंतर ओस पडणारे रस्ते, अशी ज्या शहराची ओळख होती, त्याला पहिल्यांदाच काहीतरी आपले मिळाले.

तीन वर्षांनी, १८ जानेवारी १९७८च्या पहाटे, बर्फाच्या आणि पावसाच्या भाराने त्या सिव्हिक सेंटरचे छप्पर कोसळले. काही तासांपूर्वीच तिथे बास्केटबॉलचा सामना संपवून सुमारे पाच हजार माणसे घरी गेली होती. कोणालाही इजा झाली नाही, पण संघाला मैदान उरले नाही. पुढची दोन वर्षे व्हेलर्स उत्तरेला सुमारे ४० किलोमीटरवरच्या स्प्रिंगफील्डमध्ये खेळले आणि हार्टफर्डची माणसे दिवसभराचे काम उरकून, बर्फात, आय-९१ महामार्गावरून गाड्या हाकत त्यांच्या मागे गेली. त्यांनी स्वतःला ‘आय-९१ क्लब’ असे नाव दिले. आमचे शेजारी त्यांतलेच. त्या वेळी ते अठ्ठावीस वर्षांचे होते आणि त्यांच्या गाडीचा हीटर चालत नव्हता. पायांवर घोंगडी घेऊन मागे बसलेले दोन मित्र आणि पुढच्या काचेवरचे बाष्प हातमोज्याने पुसत गाडी चालवणारे ते, हे चित्र त्यांनी मला इतक्या वेळा सांगितले आहे की मला त्या हातमोज्याचा ओला वास येतो.

हे ऐकताना मला वर्गमित्राच्या मजकुरातली ‘कट्ट्यावर आठवणी उगाळणारी’ माणसे आठवतात. संघाच्या मागे थंडीत दोन वर्षे दुसऱ्या गावी जाणारी ही माणसे आणि भर उन्हात शाहू स्टेडियमच्या दगडी पायऱ्यांवर डोक्याला टॉवेल गुंडाळून बसणारी आमची माणसे, यांच्यात मला तसूभर फरक दिसत नाही. फरक आहे तो पुढे काय झाले यात.

१९७९ साली जुनी स्पर्धा बंद झाली आणि व्हेलर्ससह चार संघ नॅशनल हॉकी लीग या मोठ्या लीगमध्ये आले. बाकीचे तीन कॅनडाचे होते, एडमंटन, विनिपेग आणि क्वेबेक. त्या पहिल्या हंगामात व्हेलर्सकडून गॉर्डी हाव खेळले. हंगाम संपण्याच्या सुमाराला, ३१ मार्च १९८० रोजी, त्यांना ५२ वर्षे पूर्ण झाली. तरी ते सर्वच्या सर्व ८० सामने खेळले आणि त्यांनी १५ गोल केले. त्याच संघात त्यांची दोन मुले होती, मार्क आणि मार्टी. बाप आणि मुले एकाच संघातून उतरली, याचे इथल्या लोकांना आजही अप्रूप आहे. मला ते ऐकताना प्रथम थोडे हसू आले होते, कारण आमच्याकडे बाप ज्या तालमीचा, मुलगा त्या तालमीचा आणि नातू जन्मतःच त्या तालमीचा, यात सांगण्यासारखे काही आहे असे कोणाला वाटतच नाही. आमची श्रीमंती आम्हाला दिसत नाही, ती अशी.

व्हेलर्स फार जिंकले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. मोठ्या लीगमधल्या १८ हंगामांत ते आठ वेळा बाद फेरीत पोहोचले आणि तिथे फक्त एक मालिका जिंकले, १९८६ साली क्वेबेकविरुद्ध. पुढच्या फेरीत मॉन्ट्रियलविरुद्ध सातव्या सामन्यात जादा वेळेत गोल खाऊन ते हरले. हरलेल्या त्या संघाची हार्टफर्डने मिरवणूक काढली. माझ्या वर्गमित्राला ही गोष्ट हास्यास्पद वाटेल. मला वाटत नाही. अंतिम सामना हरलेल्या संघाला खांद्यावर घेऊन पेठेत आणलेले मी लहानपणी पाहिले आहे. त्या रात्री माझ्या वडिलांनी, जे कोणासमोर कधी रडले नाहीत, गोलरक्षकाच्या तोंडावरून हात फिरवला होता.

१९९१च्या मार्चमध्ये संघाचा लाडका कर्णधार राहिलेला रॉन फ्रान्सिस पिट्सबर्गला देऊन टाकण्यात आला आणि तिथून लोकांचा जीव उडत गेला. १९९४ साली नवे मालक आले, पीटर कार्मानोस. १९९६ साली त्यांनी हंगामाची ११,००० तिकिटे विकली जावीत अशी मागणी ठेवली. शाळेतल्या मुलांपासून निवृत्त माणसांपर्यंत सगळे त्या मोहिमेत उतरले. आकडा गाठला गेला नाही, तरी संघ थांबला, पण एकच वर्ष. नव्या मैदानाच्या वाटाघाटी फिसकटल्या आणि २६ मार्च १९९७ रोजी संघ जाणार असल्याचे जाहीर झाले. करार लवकर मोडल्याबद्दल दोन कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरायला मालक तयार होते, कारण दुसरीकडे त्यापेक्षा जास्त मिळणार होते. १३ एप्रिल १९९७ रोजी टॅम्पा बेविरुद्ध शेवटचा सामना झाला. व्हेलर्स २-१ने जिंकले. शेवटचा गोल केव्हिन डिनीनचा. आमचे शेजारी सांगतात की सामना संपल्यावर कितीतरी वेळ कोणी उठले नाही. लहान मुले आईबापांना विचारत होती की पुढचा सामना कधी आहे.

संघ नॉर्थ कॅरोलायनाला गेला आणि नाव झाले कॅरोलायना हरिकेन्स. गंमत अशी नव्हे तर दुःख असे, की तिथे मैदान तयारही नव्हते, म्हणून पहिली दोन वर्षे ते ग्रीन्सबरोला खेळले. २००६ साली त्यांनी स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचे विजेतेपद, जिंकले. तो हार्टफर्डचा म्हणायचा की नाही, यावर इथल्या कॉफीच्या टेबलावर अजून वाद होतो. २३ डिसेंबर २०१८ रोजी हरिकेन्सने आपल्या रॅले शहरात व्हेलर्सचे जुने हिरवे कपडे घालून बोस्टनविरुद्ध सामना खेळला. माझ्या दृष्टीने तो या सगळ्या कहाणीतला सर्वांत जिव्हारी लागणारा भाग आहे. संघ नेला, आणि वीस वर्षांनी त्याची आठवणसुद्धा मालकी हक्काने नेली. आमच्या शेजाऱ्यांनी तो सामना टीव्हीवर लावला, आवाज बंद केला आणि पूर्ण पाहिला.

वर्गमित्रा, परदेशात असतो तसा संघ तो हा. मालक असतो म्हणजे विकता येतो आणि विकता येतो म्हणजे हलवता येतो. क्वेबेकचा संघ १९९५ साली डेन्व्हरला गेला आणि तिथे पहिल्याच वर्षी त्याने स्टॅन्ली कप जिंकला, क्वेबेकला तो अजून परत मिळालेला नाही. विनिपेगचाही संघ गेला आणि १५ वर्षांनी त्याला दुसरा मिळाला, तोही अटलांटाचा हिरावून. हार्टफर्डला १९९८ साली अमेरिकन फुटबॉलचा पेट्रियट्स संघ येणार असे जाहीर झाले आणि पुढच्या वसंतात तेही बारगळले. इतक्या लांब जायचीही गरज नाही. पुण्यात एफसी पुणे सिटी २०१४ साली आला आणि २०१९ साली त्याची फ्रँचायझी हैदराबादला गेली. त्याच वर्षी दिल्लीचा डायनामोज संघ भुवनेश्वरला गेला. पुणे एफसी त्याआधीच, २०१५ साली, बंद झाला होता आणि देशाची लीग जिंकलेला मुंबईचा महिंद्रा युनायटेड २०१०मध्ये. आयपीएलमध्ये पुण्याचे दोन संघ आले आणि गेले. हे संघ वाईट नव्हते, त्यांचे चाहतेही खोटे नव्हते. पण वरच्या मजल्यावर कोणीतरी वही उघडली, बेरीज जमली नाही आणि संघ मिटला. खंडोबा तालीम हैदराबादला नेऊन दाखवा.

तालीम नेता येत नाही, कारण तिला मालक नाही. ती आधी कुस्तीची होती, लाल मातीचा हौदा आणि मारुतीची मूर्ती असलेली, मग तिने फुटबॉल घेतला, गणपती घेतला, पुराच्या वेळी जेवणाची पाकिटे बांधण्याचे काम घेतले. पोरे वर्गणीवर खेळतात, स्पर्धा तालमीच भरवतात आणि अनिकेत जाधवसारखा, २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळलेला मुलगा याच शहराच्या मातीतून वर येतो. याला मोडीत काढून मालक आणायचा, हा विचार ज्यांना आधुनिक वाटतो, त्यांनी एकदा हार्टफर्डला यावे. माझ्या घरी उतरावे, मी न्यायला ब्रॅडली विमानतळावर येईन.

‘शांतपणे सामना बघणारे परदेशी’ या कल्पनेबद्दलही एकदा बोलले पाहिजे. आइस हॉकीत खेळाडू हातमोजे बर्फावर टाकून समोरच्याच्या तोंडावर ठोसे मारतात, पंच थोडा वेळ बाजूला उभे राहतात, दोघांना पाच-पाच मिनिटे बाहेर बसवले जाते आणि आईबाप लेकरांना खांद्यावर घेऊन ओरडत असतात. हे मी इथल्या वुल्फ पॅकच्या सामन्यांत कितीदा पाहिले आहे. हार्टफर्डमध्ये आता हाच, न्यूयॉर्क रेंजर्सच्या हाताखालचा संघ खेळतो. आमच्या हाणामाऱ्यांचे मी समर्थन करत नाही. अकरावीत असताना माझ्या शेजारी बसलेल्या मुलाच्या कपाळावर दगड बसला होता आणि मी माझा शर्ट काढून त्याच्या डोक्याला बांधला होता. ते रक्त मी विसरलेलो नाही. पण ती गुंडगिरी तालमींनी स्वतःच्या पोरांना आवरून आणि पोलिसांनी दोषींना पकडून थांबवायची आहे. घरात भांडण झाले म्हणून कोणी घर विकत नाही.

शेवटचे हे वाक्य मी ग्रुपवर जसेच्या तसे लिहिले होते. दहा मिनिटांत वर्गमित्राचे उत्तर आले: ‘तिथं बसून आम्हाला शिकवू नकोस. पेठंत तुझं घर तरी राहिलंय काय?’

त्यावर मी काही लिहू शकलो नाही. राहिलेले नाही. आई गेल्यावर, २०१६ साली, आम्ही भावंडांनी ते घर बिल्डरला दिले. भाऊ पुण्यात, बहीण बेळगावला, मी इथे. भिंतींना ओल आली होती, भाडेकरू निघून गेला होता, दर पावसाळ्यात कोणीतरी जाऊन कौले बघायला हवी होती आणि कोणी जात नव्हते. बिल्डरने आकडा सांगितला. आम्ही दुसऱ्या बिल्डरला विचारले, त्याने जास्त सांगितला, आम्ही त्याला दिले. माझे मुखत्यारपत्र मी इथल्याच एका बँकेत नोटरीसमोर सही करून पाठवले. नोटरी बाईंनी शिक्का मारण्याआधी विचारले होते, ‘हे सगळे तुम्ही समजून-उमजून करत आहात ना?’ मी होय म्हणालो. त्याच संध्याकाळी शेजाऱ्यांनी कुंपणापाशी व्हेलर्सच्या मालकाचे नाव घेऊन पुन्हा एकदा म्हटले की त्या माणसाने फक्त आकडा पाहिला. मी मान डोलावली आणि आत गेलो.

जानेवारी २०२४मध्ये मी कोल्हापूरला गेलो, तेव्हा हॉटेलात उतरलो. आपल्याच गावात हॉटेलात उतरणे काय असते, हे ज्याने केले आहे त्यालाच कळेल. दुपारी चारच्या सामन्याला शाहू स्टेडियमवर गेलो. आमची तालीम खेळत होती. पहिल्या अर्ध्या तासात माझ्या लक्षात आले की मैदानावरच्या एकाही मुलाचे नाव मला माहीत नाही. माझ्या तोंडून जी नावे येत होती, ती वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या पोरांची होती. त्यांतला एक जण आता पलीकडच्या बाजूला पांढऱ्या केसांनी पंचांच्या टेबलाशी उभा होता. मी एका जुन्या फॉरवर्डच्या नावाने ओरडलो, तेव्हा पुढच्या पायरीवरचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा मागे वळला आणि अत्यंत अदबीने म्हणाला, ‘काका, तुम्ही कुठल्या गावचे?’

मी त्याला पेठेचे नाव सांगितले. तो म्हणाला, ‘कुणाचं घर?’ मी वडिलांचे नाव सांगितले. त्याला ते माहीत नव्हते. मग मी सांगितले की आमचे घर होते तिथे आता अमुक अपार्टमेंट आहे. ‘हां, तिथं आमची आत्या राहती,’ असे म्हणून तो सरकला आणि आपल्या शेजारची जागा त्याने हाताने झाडून मला दिली. उरलेला सामना मी त्याच्या शेजारी बसून पाहिला. तो मला प्रत्येक खेळाडूचे नाव आणि घर सांगत होता.

त्या वर्षी उन्हाळ्यात डंकिन पार्कला व्हेलर्सच्या जुन्या खेळाडूंचे संमेलन होते. बेसबॉलचे ते मैदान, यार्ड गोट्स संघाचे, ज्यांनी व्हेलर्सचेच हिरवे-निळे रंग मुद्दाम घेतले आहेत. भर उन्हात हॉकीचे जाड सदरे घातलेल्या लोकांची रांग लागली होती. शेजाऱ्यांना मी गाडीतून नेले होते, आता त्यांना आय-९१वर गाडी चालवणे जमत नाही. रांगेत पुढे विशीतला एक मुलगा होता, संघ गेल्यानंतर जन्मलेला. त्याने शेजाऱ्यांची टोपी पाहिली, रफूची ती जागा पाहिली आणि हात लावू का असे विचारले. त्यांनी टोपी काढून त्याच्या हातात दिली आणि छप्पर पडल्याची गोष्ट सुरुवातीपासून सांगायला घेतली. आमचा नंबर आला तरी गोष्ट संपली नव्हती, म्हणून आम्ही मागच्यांना पुढे जाऊ दिले.

परत येताना त्यांनी मला माझ्या संघाबद्दल विचारले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मी तालमीबद्दल सांगितले. ते आता कुठे खेळतात, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, तिथेच. नाव तेच आहे का? तेच. मालक? नाही. नदीवरचा पूल ओलांडेपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग टोपी मांडीवर ठेवून म्हणाले की असे असते हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

वर्गमित्राशी माझा वाद अजून मिटलेला नाही आणि त्याने मजकूर मागेही घेतलेला नाही. पण तालमीच्या वर्गणीचा हिशेब तोच ठेवतो, म्हणून या हंगामाचे पैसे मी त्याच्याच खात्यावर पाठवले. त्याने पावतीचा फोटो पाठवला. दरवर्षी पावतीवर माझ्या नावापुढे पेठेतल्या घराचा नंबर असायचा, घर गेल्यावरही आठ-नऊ वर्षे कोणीतरी तो तसाच लिहीत आले होते. या वेळी त्याने तिथे ‘अमेरिका’ असे लिहिले आहे. मी त्याला फोन केला, फुटबॉलबद्दल एक शब्द बोललो नाही, आणि पावती नवी करून जुनाच नंबर घालावा, अशी विनंती केली. बघतो, म्हणाला.